दुमडीतला केस

"साहेब, भूतबीत मी मानत नाही," जिना चढता चढता व्यवस्थापक फ्लामां म्हणाला, "पण मुली सुई हातात घ्यायला तयार नाहीत, आणि उद्या लग्न आहे!"

निवृत्त इन्स्पेक्टर मेरियादेक धापा टाकत वर पोचले. मादाम ओर्तांसचं हे शिवणघर पॅरिसभर गाजलेलं. आज मात्र तिथे स्मशानशांतता होती. भूत दिसू नये म्हणून मुलींनी आरसे चादरींनी झाकून टाकले होते. मधोमध कापडी पुतळ्यावर नवरीचा पांढरा झगा, आणि त्याच्या घेराची दुमड सबंध उसवलेली.

मेरियादेक गुडघ्यांवर बसले. कापडावर ओरखडासुद्धा नव्हता. टाका न् टाका हळुवार सोडवला होता. पुतळ्याच्या पायाशी काढलेला रेशमी दोरा पडला होता, अंगठीएवढं कडं करून.

"हिचंच काम!" फ्लामांने कोपऱ्यात रडणाऱ्या ओदेतकडे बोट केलं. "काल कुलूप हिने लावलं. पोलिसांत देतो."

"मी कशाला उसवू? या वसंतात, ईस्टरला तर कामाला लागले मी."

"तिला कशाला छळता?" म्हातारी पेरीन मध्ये पडली. "ब्लांदीन आली होती, आपला केस शोधत."

"केस?" मेरियादेकांनी विचारलं.

"लग्नाच्या झग्यात शिवणारीने आपला केस घातला की वर्षात तिचं लग्न ठरतं. आम्ही सगळ्याच घालतो, हसा खुशाल. ही दुमड ब्लांदीनची. नवरीकडे सुतक आलं, लग्न लांबलं, झगा कपाटात राहिला. पोर हिवाळ्यात खोकून खोकून गेली. तांबडे केस होते हो तिचे, जाळासारखे."

"आजारी मुलीला कामावर ठेवलं?"

"नुसतं ठेवलं? मादामनी शेकोटीजवळची जागा दिली तिला. आम्हाला कधी दिली नाही मेली!"

खिडक्या बंद असूनही एका आरशावरची चादर हलली. मेरियादेक दचकून वळले.

मागे दार उघडून मादाम ओर्तांस उभी होती. डोक्यावर तिचा प्रसिद्ध फेटा. तिने बांधला म्हणून अर्धं शहर फेटे बांधू लागलं होतं, पण तिला फेट्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

"पोलीस नकोत, फ्लामां. मुलीला काढून टाक, विषय संपला." बोलता बोलता तिने बाहीचा सुटलेला दोरा ओढला आणि करंगळीला गुंडाळत राहिली.

ओदेतने हुंदका दिला. मेरियादेक उठले.

"थांबा, मादाम. भूत दोरा गुंडाळून ठेवत नाही. झग्यावर राग असता तर कात्री चालली असती. कुणाला तरी तो केस हवा होता, तोही काल रात्रीच, कारण झगा आज जाणार. ओदेतने ब्लांदीनला पाहिलेलंही नाही. बाकीच्या मेलेल्या मुलीच्या भीतीने या पुतळ्याजवळ फिरकत नाहीत. मग उरलं कोण? जिला लहानपणी गरिबीत दोरा फेकून द्यायचीही चोरी होती, अशी बाई. करंगळीकडे बघा तुमच्या."

सगळ्यांनी पाहिलं. तिथे दोऱ्याचं तसंच कडं होतं.

"एका केसासाठी मी…?"

"कारागिरणीच्या केसासाठी मालकीण एवढं करत नाही. आई करते."

तिने स्वतःच फेटा उतरवला. आत पांढऱ्यात मिसळलेले तांबडे केस होते.

"धंदा उभा करायचा होता. लग्नाशिवाय मूल झालेल्या बाईकडे कोण येणार होतं? गावी दाईकडे ठेवली तिला. मोठी झाल्यावर कामाला म्हणून आणली. मरेपर्यंत मला 'मादाम' म्हणत राहिली. माझ्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही हो." तिने गळ्यातली डबी मुठीत धरली. "केस यात ठेवला. दुमड पुन्हा शिवून ठेवणार होते. हातच चालेनात."

"आणि या पोरीला बळी देणार होतात!" मेरियादेकांचा आवाज चढला.

मादाम ओदेतपुढे येऊन उभी राहिली. "माझं चुकलं. तुझी जागा कुठे जात नाही."

ओदेतने डोळे पुसले. "मादाम, तिने तो लग्न व्हावं म्हणून घातला होता. मेली म्हणून काय झालं, मागणं तिचंच ना? परत ठेवा."

मादामने डबी उघडली. बंद करायला गेली. मग जमिनीवरच बसली आणि पेरीनकडे सुई मागितली. केस दुमडीत ठेवताना तिला रडू आवरेना. लेक दुसऱ्यांदा परक्यांच्या हवाली होत होती.

"नवरीकडच्यांनी विचारलं, दुमड कुणाच्या हातची," फ्लामां चाचरला, "तर काय सांगू?"

तिने पहिला टाका घातला.

"सांग, माझ्या मुलीच्या."