हैदराबादच्या विमानातला पाहुणा

हे खोटं वाटलं तर वाटू द्या. मला आता कुणाला पटवत बसायची ताकद राहिलेली नाही.

पण झालंय ते खरं आहे. माझ्याच बाबतीत झालंय. आणि अजून संपलेलं नाही.

मी उज्वला. जानोरीला राहते, नाशिकजवळ, ओझरच्या विमानतळाला लागूनच. लोकांना वाटतं, विमानतळावर नोकरी म्हणजे केवढा थाट. आमच्या हातात झाडू असतो. विमान उतरतं, माणसं जातात, आणि पुढची माणसं चढायच्या आत आम्ही विमानात शिरतो. चिप्सची पाकिटं, लेकरांची ओकारी, खिडकीवरचे तेलकट डाग, सगळं आवरून खाली. रोज विमानात चढते मी, पण ते उडताना आतून एकदाही बघितलेलं नाही.

आमच्या कामाची रीत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

एक सीट झाडून झाली की तिचे पट्टे फुलीसारखे एकावर एक टाकायचे. फुली दिसली म्हणजे सीट झाली, पुढं सरका.

आणि सगळं झालं की शेवटी उतरणाऱ्या बाईनं दारात उभं राहून मोठ्यानं ओरडायचं, "चला, झालं! घरी चला!" घरी कसलं, अजून एक विमान यायचं असतं. पण तसंच म्हणायचं. आमच्यातला सोमा एकदा संडास धुता धुता आत राहून गेला होता. प्रवासी चढले तेव्हा हा पठ्ठ्या हातात ब्रश घेऊन बाहेर आला. तेव्हापासून हाक मारल्याशिवाय शिडी उतरायची नाही, असं आमच्या सुपरवायझरनं, निवृत्तीभाऊंनी, ठरवून टाकलं.

माझ्या जोडीला भागीबाई असते. हरसूलकडची. इथं जानोरीत खोली घेऊन राहते. तिचा एकुलता एक मुलगा मनोज हैदराबादला इमारतीच्या कामावर गेला होता, स्लॅब ओतायला. जाताना आईला म्हणाला होता, "येताना विमानानंच येईन बघ. तू झाडतेस त्याच विमानानं."

आषाढात त्याला कावीळ झाली. तिथंच गेला. सोबतच्या पोरांनी तिथंच सगळं उरकलं. भागीबाईला कळलं तेव्हा राखसुद्धा उरली नव्हती.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती कामावर परत आली. रडली नाही. फक्त एकदा डबा खाताना म्हणाली, "लांब मेलेलं माणूस आपलं आपण येत नाय गं. आमच्यात हाक मारून आणावं लागतं त्याला. तितं जाऊन हाक मारणार कोण? मला रस्ता तरी ठाव हाय का?"

मी तिच्या डब्यात माझी भाजी वाढली.

आता त्या संध्याकाळचं सांगते.

मागच्या मार्गशीर्षातला गुरुवार. माझा उपवास होता. भागीबाई भाचीच्या लग्नाला हरसूलला गेलेली, म्हणून दोघींचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात. सकाळपासून पाठ भरून आली होती. कधी एकदा घरी जाऊन देवीपुढं दिवा लावते आणि दोन घास खाते, असं झालं होतं.

दिवेलागणीच्या सुमाराला हैदराबादचं विमान आलं. माणसं उतरली. सोमा कचऱ्याच्या पिशव्या घेऊन खाली गेला. आत मी एकटी.

पुढून झाडत मागं निघाले. झाडायचं, फुली टाकायची. झाडायचं, फुली टाकायची.

मागच्या बाजूला एका रांगेपाशी आले आणि थांबले.

खिडकीजवळच्या सीटचा पट्टा लावलेला होता...

तसं होतं कधी कधी. लोक उतरताना खेळ करतात. पण हा पट्टा सीटवर पडलेला नव्हता. वर उचललेला होता. मधे कुणीतरी बसलंय, एवढी जागा सोडून...

मी तो सोडला. फुली टाकली. उपवासाची चक्कर असेल, म्हटलं.

दोन रांगा मागं जाऊन सहज वळून बघितलं.

पट्टा परत लावलेला.

भीती वाटायला पण अंगात जोर लागतो हो. मला खरं सांगायचं तर राग आला. एवढ्या घाईत कोण थट्टा करतंय? मी तरातरा गेले, पट्टा सोडला, सीटवर हात फिरवला.

सीट गरम होती...

आणि वास. ओल्या सिमेंटचा. नवीन घर बांधताना भिंतींवर पाणी मारतात ना, तसा. खाली पाय ठेवायच्या जागी राखाडी भुकटी सांडलेली. मी ती झाडून घेतली. कामच आहे माझं.

तेवढ्यात विमानाचा एसी बंद झाला. इतका वेळ घुं घुं चाललं होतं, ते एकदम थांबलं. आणि त्या शांततेत मला श्वास ऐकू आला...

माझा नव्हता. मी तर श्वास रोखून उभी होते.

तिथून कशी पुढं आले, मलाच ठाऊक. दारात पोचले. खाली निवृत्तीभाऊ हात हलवत होते, लवकर उतरा म्हणून. आणि मी नेहमीसारखी आत तोंड करून ओरडले.

"चला, झालं! घरी चला!"

आत कुणी नव्हतं. हाक मारायचं काही कारणच नव्हतं. पण बैल जसा सवयीनं वाट चालतो, तसं तोंडातून निघून गेलं.

मागं कुठंतरी आवाज आला...

टक.

पट्टा सुटल्याचा.

मी शिडी उतरायला लागले. लोखंडी शिडी आहे, पाऊल टाकलं की वाजते. माझं एक पाऊल वाजायचं... आणि त्याच्या मागं आणखी एक.

खाली आले तर निवृत्तीभाऊ माझ्या डोक्यावरून वर बघत वैतागून म्हणाले, "त्याला पण म्हणा जरा पाय उचल. प्रवासी निघालेत तिकडून."

"कुणाला?"

"सोम्याला. अजून कुणाला?"

सोमा तर लांब कचऱ्याच्या गाडीवर पिशव्या टाकत होता. निवृत्तीभाऊंनी त्याच्याकडं बघितलं, मग शिडीकडं बघितलं. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही.

दीपक, माझा नवरा, न्यायला आला होता. फाटकाबाहेर मी गाडीवर बसले. थोडं पुढं गेल्यावर त्यानं गाडी थांबवली, मागचं चाक दाबून बघितलं.

"हवा तर हाय. मग एवढं जड का लागतंय?"

मी म्हटलं, "चल तू. दमलेय मी."

माझ्या सासूबाईंचं, कुसाबाईंचं, मोतीबिंदूमुळं दिसणं जवळजवळ गेलंय. त्या माणूस पायरवावरून ओळखतात. आम्ही उंबऱ्यात पाय टाकला तशा त्या कॉटवर उठून बसल्या. डोक्यावर पदर घेतला.

"कोण पाव्हणं आणलंत गं? बसा, बसा. उज्वला, पाणी दे त्यांना."

दीपक हसला. "कुणी नाय आई. आम्ही दोघंच हाय."

पण पुढच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची तेव्हाच वाजली. कुणी टेकल्यावर वाजते ना, तशी...

मी त्या रात्री दिवा लावला, पण पोथी वाचताना एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. सिमेंटचा वास. हैदराबादचं विमान. लांब मेलेल्या माणसाला हाक. एकेक जुळत गेलं.

मनोज आला होता.

किती दिवस तिकडं थांबून त्या दिवशी तो विमानात चढला, देव जाणे, आणि आईनं हाक मारायची वाट बघत बसला होता. आणि हाक मारली कुणी? मी!

सकाळी खुर्चीखाली राखाडी भुकटी होती. झाडून काढली. दुसऱ्या दिवशी परत होती.

भागीबाई लग्नाहून आली. मी तिला विमानाकडं नेणाऱ्या आमच्या गाडीत बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईल. नाहीतर म्हणेल, वेड लागलंय तुला.

तिनं एवढंच विचारलं, "कुठल्या शिटावर व्हता?"

"खिडकीच्या."

"मंग बराबर हाय. लहानपणी एस्टीत पण त्याला खिडकीच लागायची." आणि आषाढापासून थोपवलेलं सगळं रडणं त्या गाडीत बाहेर पडलं. मी तिला धरून बसले. माझेही डोळे थांबेनात.

त्याच दुपारी सुट्टी काढून ती माझ्या घरी आली. नारळ, मूठभर तांदूळ, नवा टॉवेल. आत आली नाही. दारातच उभी राहिली. मला म्हणाली, "आता मी हाक मारीन आन् निघन. घरला पोचेपत्तुर मागं वळून बघायचं नाय, बोलायचं बी नाय. बघितलं की माणूस तितंच थांबतं. तू बी मला हाक मारू नको."

मग खुर्चीकडं तोंड करून ती बोलली. किती मऊ आवाज होता तो.

"मनोज, मी आली रं. तुझी आय. लय दिस झालं बाबा. चल घरी."

तांदूळ उंबऱ्यावर टाकले, नारळ फोडला आणि पाठ फिरवून चालू लागली. ताठ. एकदाही न वळता. दीपकनं तिला हरसूलच्या एसटीपर्यंत सोडलं, तो म्हणाला, बाईनं मान तसूभर हलवली नाही.

तिनं बघितलं नाही.

मी बघत होते...

खुर्ची वाजली नाही. पाऊल वाजलं नाही. उंबऱ्यावरचा एक दाणा हलला नाही.

भागीबाई वळणाआड गेली तेव्हा आतून सासूबाई म्हणाल्या, "ती बाई गेली वाटतं. हे पाव्हणं बसलेत अजून."

मी काय काय नाही केलं त्यानंतर. हात जोडले. "बाबा रे, तुझी आई बोलावून गेली, जा ना." एकदा तर दमून, चिडून खुर्चीच अंगणात नेऊन ठेवली. संध्याकाळी कॉटच्या पायाशी भुकटी. मुकाट्यानं खुर्ची परत आत आणली. तो आईच्या हाकेला का उठला नाही, मला कळत नाही. आईचा आवाज ओळखला नाही का त्यानं? की जिच्या हाकेवर उतरला, तिचंच घर ते त्याचं घर झालं?

तिकडं भागीबाईला बघाल तर ओळखणार नाही. चेहरा भरलाय. सुट्टीला हरसूलला गेली की दोन ताटं वाढते म्हणे. परत येताना माझ्यासाठी नागलीची भाकरी आणते. "तुझ्या हाकंनं आलं गं माझं पोर," म्हणते. "आता झोप लागती मला."

ती भाकरी मला नको वाटते. पण तिच्यासमोर मी ती पूर्ण खाते.

दोनदा सांगायचं ठरवलं. दोनदा तिच्या तोंडाकडं बघून गप्प बसले.

आणि परवा तिनं निवृत्तीभाऊंना सांगितलं की ती काम सोडतेय. कायमची हरसूलला चाललीय. आम्ही विचारलं, एकाएकी का? तर लाजून हसली.

"घरी पोर एकलंच असतं ना दिसभर. त्याला कोण हाय?"

शनिवारी तिचा शेवटचा दिवस आहे. त्याच्या आत सांगावं का तिला? सांगितलं तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. नाही सांगितलं तर ती त्या रिकाम्या घरात जाऊन बसेल, उरलेलं आयुष्य. मला दोन्ही झेपत नाही.

आत्ता हे लिहितेय, बाहेर अंधारून आलंय. दीपक अजून आलेला नाही. घरात मी आणि सासूबाई.

पुढच्या खोलीत त्या कुणाला तरी विचारताहेत, चहा घेणार का म्हणून.