मोजणीसाला कोणी न विचारलेला प्रश्न

पडद्यावर चौऱ्याहत्तर हा आकडा उमटला आणि चार्वीच्या बाबांची कळी खुलली. चौऱ्याहत्तर म्हणजे पहिला वर्ग. त्यांच्या वेळी साठ मिळाले तरी घरोघर पेढे जात. त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि टेबलापलीकडे बसलेल्या, किनाऱ्यावरच्या चाचणी केंद्राच्या प्रमुख तेरसेबाईंकडे बघून ते तोंडभर हसले. तेरसेबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आकडा तोच आहे ना, हे पाहून घेतलं. चार्वीला कोडं पडलं. मार्क चांगले पडलेत, तर या बाईंचा चेहरा सुतकी का?

चार्वी गिरप अकरा वर्षांची होती आणि तिचं घर समुद्राच्या तळाशी होतं. कागदोपत्री त्या जागेचं नाव 'सागरतळ वसाहत क्रमांक दोन'. पण कोकणातली माणसं तिथे राहायला गेली आणि पहिल्याच वर्षी तिची पाताळवाडी झाली. एकदा वाडी म्हटली की गणपती आला, भजन आलं आणि शेजाऱ्याशी भांडणही आलंच. चार्वीचा जन्म तिथलाच. खाली हवा मोजकी, जागा मोजकी. म्हणून सागरतळ मंडळाने एक नियम केला होता. अकरा वर्षं पूर्ण झाल्यावर खाली राहायचं असेल तर मुलाचा बुद्ध्यांक (बुद्धीच्या चाचणीतून काढलेला आकडा) निदान नव्वद हवा. संकटात डोकं चाललं पाहिजे, असं मंडळाचं म्हणणं. ज्याचा आकडा कमी पडेल, त्याने किनाऱ्यावरच्या वसतिगृहात राहायचं. चाचणी वर्षातून एकदाच व्हायची.

"गिरप, तुमची मुलगी यंदा खाली जाऊ शकणार नाही," तेरसेबाई म्हणाल्या.

बाबांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "शंभरात चौऱ्याहत्तर कमी झाले, मॅडम?"

"ते शंभरपैकी नाहीत," कोपऱ्यातून आवाज आला.

तो मोजणीसाचा आवाज होता. पूर्वी चिटणीस असत, फडणीस असत, तसा हा मोजणीस. मंडळाचा यंत्रमानव. चाचणी तोच घ्यायचा, आकडा तोच काढायचा. विचारलं तेवढंच बोलायचं, अशी त्याची घडण होती. बाबांनी प्रश्न केला म्हणून त्याने उत्तर दिलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत तो गप्प उभा राहिला असता.

"मग कशाचे?" चार्वीने विचारलं. तिला रडण्याआधी समजून घ्यायचं होतं.

"कशाचेच नाहीत. ती तुलना आहे," मोजणीस म्हणाला. "आधी एका वयाची पुष्कळ मुलं घेतात आणि त्यांना हीच चाचणी देतात. त्या मुलांना तुलनागट (ज्यांच्याशी इतरांना ताडून पाहायचं ती मुलं) म्हणतात. त्यांची जी सरासरी येते, तिला शंभर म्हणायचं असं आपणच ठरवलं आहे. सरासरीच्या वर असेल त्याचा आकडा शंभराच्या वर, खाली असेल त्याचा खाली. त्या गटातली शंभर मुलं ओळीने उभी केली, तर तुझ्या मागे चारेक मुलं असतील."

चार्वीने मनातल्या मनात ती ओळ पाहिली आणि शेवटून पाचव्या जागी उभं राहून पाहिलं. तिला फार लाज वाटली.

"माझां चेडू मठ्ठ नाय," बाबा लेकीचा हात धरून हळू आवाजात म्हणाले. ते तेरसेबाईंशी बोलत होते, पण बघत होते जमिनीकडे.

"माझी किती उत्तरं चुकली?" चार्वीने मोजणीसाला विचारलं.

"एक."

आता तेरसेबाईंनी मान वर केली. "एक चुकलं तर चौऱ्याहत्तर कसे?"

"निम्म्याहून जास्त प्रश्नांना तिने उत्तरच दिलं नाही. अर्धं मिनिट झालं की प्रश्न पडद्यावरून जातो."

"तू करत काय होतीस, बाळा?" तेरसेबाईंनी विचारलं.

चार्वी गोंधळली. यात विचारण्यासारखं काय आहे, तेच तिला कळेना. "परतबोल," ती म्हणाली. "आधी प्रश्न नीट वाचायचा. मग तो आपल्या तोंडाने परत म्हणायचा. उत्तरावर बोट ठेवून पुन्हा एकदा बघायचं, आणि मगच दाबायचं."

पाताळवाडीत हे बाळ बोलायला लागल्यापासून शिकवतात. वाडी नवी होती तेव्हा एकाने घाईत आतलं दार लागायच्या आधी बाहेरचं दार उघडलं, आणि चौघे गेले. तेव्हापासून तिथे कोणी काही सांगितलं की ऐकणारा ते परत म्हणतो, हात लावून खात्री करतो आणि मग करतो. मीठ मागितलं तरी मीठ म्हणून परत म्हणतात. बाहेरच्याला ऐकून हसू येतं. तिथे जो पटकन उत्तर देतो, त्याला हुशार म्हणत नाहीत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं म्हणतात आणि दारापाशी फिरकू देत नाहीत.

"आणि चुकलेलं उत्तर कुठलं?" तेरसेबाईंनी विचारलं.

"छत्रीचा संबंध पावसाशी, तसा टोपीचा कशाशी, असा प्रश्न होता. बरोबर उत्तर ऊन. तिने पाणी दाबलं."

"टोपी पाण्यातच घालतात," चार्वी म्हणाली. "तिच्याशिवाय बाहेर पडलं तर नाकातोंडात पाणी जाईल." ऊन तिने आयुष्यात मोजून चार-पाच वेळा पाहिलं होतं, आणि तेव्हा तिच्या डोक्यावर काही नव्हतं.

बाबांनी सुस्कारा टाकला. "शितावरून भाताची परीक्षा म्हणतत ती हीच काय?"

"म्हण बरोबर आहे, पण तिला एक अट आहे," मोजणीस म्हणाला. "सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असेल, तरच एका शिताने काम भागतं. चाचणी अशी थोडी शितं चेपून बघते. आकृत्यांमधली जुळणी, शब्दांचे संबंध, आकडे लक्षात ठेवणं आणि वेग. ही शितं खोटी नाहीत. शाळेत कोणाला कितपत जमेल, याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी येतो. पण हिचा भात वेगळ्या भांड्यात शिजला आहे. माझ्या तुलनागटात समुद्राखालचं एकही मूल नव्हतं."

"पण तू तर कधी चुकत नाहीस म्हणतात," चार्वी म्हणाली.

"मी विश्वसनीय आहे. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलं तरी जवळपास तोच आकडा येणं. वैधता (जे मोजायचं म्हटलं तेच मोजलं जाणं) ही वेगळी गोष्ट. वजनकाट्यावर नारळ दहा वेळा ठेव, वजन तेच येईल. पण खोबरं खवट निघेल का, हे काटा सांगणार नाही. तो खोटं बोलत नाही. ते त्याला ठाऊकच नसतं."

"पहिली अशी चाचणी कशाला केली होती?" चार्वीने विचारलं. आता तिला थांबता येईना.

"दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला. फ्रान्समध्ये शाळेत मागे पडणारी मुलं शोधून त्यांना जादा मदत द्यायची होती. त्यासाठी केली होती."

"मदत द्यायला," चार्वी म्हणाली. "घरी जाऊ न द्यायला नाही."

"घरी जाऊ न द्यायला नाही," मोजणीस म्हणाला.

 मग चार्वीने त्याच्या काचेच्या डोळ्यांत बघत विचारलं, "माझा बुद्ध्यांक चौऱ्याहत्तर. बरं. मग माझी बुद्धी किती?"

मोजणीस इतर प्रश्नांना ताबडतोब उत्तर द्यायचा. या वेळी त्याला वेळ लागला.

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला.

"हे सगळं तुला आधीपासून ठाऊक होतं?" तेरसेबाईंचा आवाज चिरका झाला होता.

"हो. माझ्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानांवर आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

तेरसेबाई उठून खिडकीपाशी गेल्या. या खोलीतून त्यांनी आजवर कितीतरी मुलांना वसतिगृहाकडे धाडलं होतं, आणि ती सगळी आता त्यांना आठवत असावीत. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"आकडा उमटला की तो मंडळाकडे पोचतो. तो मला पुसता येत नाही," त्या चार्वीला म्हणाल्या. "हे वर्ष तुला इथेच काढावं लागेल. मला तुझं वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवणार नाही. माझ्या हातात एक गोष्ट आहे. पाताळवाडीचं यापुढचं एकही मूल मी या चाचणीला बसवणार नाही. तिथल्या मुलांना धरून नवी चाचणी होईपर्यंत नाही, आणि आकडाच नसेल तर कोणाला वर अडवताही येणार नाही. मंडळाला काय ते उत्तर मी देईन."

म्हणजे चार्वीचा धाकटा भाऊ पुष्कर सुटला. चार्वी नाही. 

खाली नेणाऱ्या डब्याला पाताळवाडीचे लोक पाळणा म्हणतात. पाळणा निघायची वेळ झाली तेव्हा बाबांनी चार्वीचे केस उगाच सारखे केले. ते विस्कटलेले नव्हते.

"रडू नको गो बाय," ते म्हणाले आणि स्वतःच रडले. "आईक काय सांगू?"

"मठ्ठ नाही म्हणून सांग," चार्वी म्हणाली. "आणि पुष्करला घाबरवू नको."

बाबांनी ते शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. मग दार लागलं. पाळणा पाण्याखाली गेला आणि बुडबुडेही विरले, तरी ती धक्क्यावर उभी राहिली. इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. वर सगळीकडे नुसतं आकाश होतं, आणि त्याला कुठे भिंत नव्हती.

थोड्या वेळाने मोजणीस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला तेरसेबाईंनी पाठवलं होतं. नव्या चाचणीची तयारी आजच सुरू करायची होती, आणि पाताळवाडीबद्दल सांगू शकेल असं किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"मला प्रश्न विचारायची सवय आहे, पण ज्याचं उत्तर माझ्याकडे आधीच आहे असेच," तो म्हणाला. "हा तसा नाही. तुमच्याकडे हुशार कोणाला म्हणतात?"

चार्वीने नाक पुसलं आणि विचार केला. तिला आई आठवली, जी दोन भांडणाऱ्या घरांना एका पंक्तीला जेवायला लावते. पंपाला नवा पट्टा नसताना जुन्या जाळ्याचा पट्टा करून देणारी शेजारची मंदाताई आठवली. काहीच न बोलता दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारा पुष्कर आठवला. एकाचं दुसऱ्याशी काही जुळेना, आणि त्यांना ओळीत कसं उभं करायचं तेही तिला कळेना.

"एकच सांगायचा, की सगळे?" तिने विचारलं.

"सगळे," मोजणीस म्हणाला.

ती धक्क्याच्या पायरीवर बसली आणि आईपासून सांगायला लागली.