उसनी चाल

डावी टाच किंचित उशिरा टेकते. पापणी लवायच्या आत संपेल एवढाच तो उशीर, पण एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

फॅशन डिझाइन कॉलेजच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसून शर्वरी इराबत्ती दाराकडे बघत होत्या. आत येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची पाठ ताठ होती, खांदे हलके होते, चाल पंचविशीतली होती, आणि दर पावलाला ती टाच मागे राहत होती. निवृत्त न्यायाधीश तसे चालत होते. त्यांच्या मागून आलेल्या, जन्मभर भाजी विकलेल्या बाईही तशाच. पाठमोरे असते तर दोघे ओळखू आले नसते.

ती टाच शर्वरीबाईंची होती.

वाकलेला, लंगडणारा, काठी टेकत जाणारा माणूस रस्त्यावर दिसेनासा होऊन पंधरा वर्षं झाली होती. ही करामत पेशीसुताची. दोरीला खूप पीळ दिला की ती आखडते. केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याला तसाच पीळ देऊन किंचित ऊब दिली, तर तो स्नायूसारखा आखडतो आणि थंड झाला की पुन्हा सैल पडतो. असे हजारो धागे सोलापूरच्या मागांवर कापडात विणले जाऊ लागले आणि अंगालगत घालायचा एक चुस्त पोशाख निघाला. लोक त्याला सावरणी म्हणू लागले. सावरणी घातलेल्या माणसानं पाऊल उचलायचं नुसतं मनात आणायचं. मज्जातंतूंकडून निघालेला तो इशारा कापड त्वचेवरूनच टिपायचं आणि उचलायचं काम स्वतः करायचं.

पण कापडाला चालणं कुणीतरी शिकवायला हवं होतं. कपडे बेतायला शिंपी पुतळा ठेवतो. चालीसाठी पुतळा जिवंत लागणार होता. चोवीस वर्षांची शर्वरी तेव्हा फिटिंग मॉडेल होती, म्हणजे कापडाचं माप जिच्या अंगावर ठरतं ती. प्रयोगशाळेतल्या सरकत्या पट्ट्यावर ती महिनाभर चालली. तिथूनच मिळालेली नवी सँडल डाव्या टाचेला चावत होती आणि तिनं तसं सांगितलंही होतं.

"चालू द्या हो," मोजमाप घेणारा तरुण इंजिनिअर म्हणाला होता. "हजारो पावलांची सरासरी काढतोय आपण. असल्या बारीकसारीक चुका सरासरीत विरून जातात."

अधूनमधून घडणारी चूक विरते, हे खरं. दर पावलाला होणारी चूक विरत नाही. तीच सरासरी होऊन बसते.

पुढे सावरणीमुळे खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरणारी माणसं जवळजवळ उरली नाहीत. मग वस्त्र-सुरक्षा मंडळानं नियम केला, की साठीपुढच्या माणसाचा कुठलाही पोशाख शर्वरीच्या याच चालीवर, म्हणजे प्रमाण चालीवर, बेतलेला असावा. साठी उलटल्यावर शर्वरीबाईंनीही सावरणी घेतली. तेव्हापासून चोवीस वर्षांची शर्वरी एकाहत्तर वर्षांच्या शर्वरीबाईंना चालवत होती.

"आजी, आपला शो बंद केला त्यांनी." रंगमंचाच्या पायऱ्या उतरत नभा सुरवसे आली. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून तिनं बाहीला खोचली. "आमच्या कपड्यांना प्रमाण चाल नाही म्हणे. रंगीत तालीमसुद्धा करायची नाही."

नभा आणि तिच्या वर्गमित्रांनी केलेले कपडे मंचावर टांगलेले होते. हात वर जात नाही अशांसाठी खांद्यापासून उघडणाऱ्या बाह्या होत्या. एका कोटाच्या पाठीला आणि कोपराला धडधडीत दिसतील असे लाल पट्टे शिवले होते; सोबतच्या माणसानं बिनदिक्कत धरावेत म्हणून. अस्तरात मोजकंच पेशीसूत होतं, पण ते ओढत नव्हतं. तोल डावीकडे गेला, की डाव्या कुशीशी कुणी तळवा ठेवावा तशी ऊब द्यायचं. बाकीचं ज्यानं त्यानं करायचं. नभा त्याला 'चाहूल' म्हणायची. वस्तीतल्या काही म्हाताऱ्यांनी उन्हाळ्यापासून तिच्याकडे सावरणी उतरवून पुन्हा चालायला शिकून घेतलं होतं आणि आज ते मंचामागे तयार बसले होते.

"मंडळाकडून कोण आलंय?" शर्वरीबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायची गरज पडली नाही. दारातून डॉ. मिहिर अंदूरकर येत होते. एके काळचा तो इंजिनिअर आता मंडळाचा मुख्य शास्त्रज्ञ होता.

"माझीच चाल घालून माझ्याशी भांडायला आलास होय रे?"

"तुझ्यापेक्षा मला जास्त शोभते," अंदूरकर हसले. "भांडायला नाही आलो, शर्वरी. या पोरीला समजावायला आलोय."

"समजावा की," नभा म्हणाली. "पण मला काय शेंबडं पोर समजू नका."

अंदूरकर समजावू लागले. "पाऊल टाकण्याआधी लहान मेंदू अंदाज बांधतो. तोल आता इकडे जाईल, घोटा आता वळेल. अंदाज चुकला की तो दुरुस्ती करतो. म्हातारपणी या चुका वाढतात आणि माणूस पडतो. सावरणी अंदाज चुकूच देत नाही."

"म्हणजे दुरुस्तीचा सराव संपतो."

"संपतो. जे वापरात नाही ते मेंदू सांभाळून ठेवत नाही. पायही बारीक होतात. दहा वर्षं सावरणीत काढलेला माणूस न्हाणीघरात उभा राहू शकत नाही. आम्हाला ठाऊक आहे ते."

"लोकांना?"

"लोकांना बसून आंघोळ करायला काही वाटत नाही, पोरी."

"मग ज्याला त्याला त्याची स्वतःची चाल का नाही शिकवत कापडाला?"

"स्वतःच्या म्हातारपणाचा अंगरखा पैसे देऊन कोण घेईल?"

"मंचामागे बसलेत की," नभा म्हणाली. "विचारा जाऊन. पडलेत, लागलंय. एका आजीचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी परत आल्या आणि मलाच म्हणाल्या, तुझा तो कोट ढगळ शिवलाय, नीट कर."

शर्वरीबाई उठल्या. "नभा, तो लाल पट्ट्यांचा कोट काढ."

पडद्याआड नभानं सावरणीचे मानेपासून टाचेपर्यंतचे बंद एकेक करून सोडले. कापड गळून पडलं तशा शर्वरीबाई भिंतीला टेकल्या. घरी सावरणी निघायची ती फक्त स्टुलावर किंवा पलंगावर. उभ्यानं अंगाला वारा लागण्याची सवयच राहिली नव्हती. नभानं कोट चढवला आणि पाठीचा पट्टा मुठीत धरला.

त्यांनी पाऊल उचलायचं मनात आणलं. काहीच झालं नाही. पुन्हा आणलं. पाय थरथरला, पण जमीन सोडेना. आधी गुडघा वाकवायचा की टाच उचलायची, हे त्यांना आठवेना. जे आठवायचं ते कधी शब्दांत शिकलेलंच नव्हतं.

"आजी, भिंत सोडा. धरलंय मी."

भिंत सोडताच त्या नभाला घेऊनच खाली बसल्या, धप्पकन.

"लागलं?"

"बुडाला. ते अजून माझंच आहे वाटतं." शर्वरीबाई हसू लागल्या, मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "उठव. उठव म्हणते ना!"

पाठीचा पट्टा नभाच्या मुठीत ठेवून त्या पडद्याबाहेर आल्या तेव्हा अंदूरकर पुढे धावले. शर्वरीबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. पाय फाकलेले, उजवं पाऊल फरफटत, हात पोहल्यासारखे हवेत. कुशीशी ऊब आली की त्या दुसरीकडे झुकत. ही चाल चोवीस वर्षांच्या शर्वरीची नव्हती, साठीतल्या शर्वरीबाईंचीही नव्हती. मधल्या वर्षांत ती कुठेतरी घडत गेली असणार आणि तिला कधी चालायलाच मिळालं नव्हतं. मंचाच्या मध्यापर्यंत येईतो त्यांच्या पाठीला घाम सुटला होता.

"दिसलं?" अंदूरकर म्हणाले. "याला चालणं म्हणायचं?"

"मी म्हणते."

"हौस झाली ना? आता घाल सावरणी आणि घरी चल."

शर्वरीबाईंनी नकारार्थी मान हलवली. देहहक्क कायदा येऊन तीन वर्षं झाली होती. माणसाच्या शरीरावरून घेतलेलं माप, आवाज, चाल ज्याची त्याचीच राहते, असं तो कायदा सांगत होता. दिलेली संमती कधीही मागे घेता येत होती, मात्र मंडळाच्या माणसासमोर, स्वतःच्या तोंडानं. प्रमाण चाल गेली की तिच्यावर उभा असलेला नियमही जाणार होता. हे शर्वरीबाईंना ठाऊक होतं आणि अंदूरकरांनाही. दोघांनी आजवर तो विषय काढला नव्हता.

अंदूरकरांनी आवाज खाली आणला. "तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. तू ते बोललीस, तर कायद्याप्रमाणे उद्यापासून प्रत्येक सावरणी रोज थोडी सैल पडत जाईल. वर्षभरात नुसतं कापड उरेल; दुसरी चाल घेऊन ती तपासून मंजूर व्हायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागतील. काहीजण शिकतील. सगळ्यांना नाही जमणार. ज्यांच्यामागे कुणी पट्टा धरायला नाही, त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी माणसं लागतील."

"आणि नाही मिळाली तर?"

हाच प्रश्न शर्वरीबाई तीन वर्षं स्वतःला विचारत आल्या होत्या. संमती मागे घेतली नव्हती ती यामुळेच.

"माझंच बघ," अंदूरकर म्हणाले. "गुडघे संपलेत माझे. मी नाही शिकू शकणार. मी पडेन, शर्वरी."

"पडशील." त्यांनी नजर वळवली नाही. "मीही पडेन. आत्ताच पडले. पण अंदूरकर, आपल्याला कधी म्हातारं होऊच दिलं नाही. आपण कसे म्हातारे होतो ते बघायचं आहे मला. तुझी चाल कशी होती रे? मला आठवतंय, तू खांदा पाडून, जरा घाईनं चालायचास. तुला आठवतंय?"

अंदूरकरांनी आठवून पाहिलं. काही आठवेना. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती पसरली.

मंचामागचे म्हातारे एकेक करत बाहेर येऊन उभे राहिले होते, कुणी वाकडं, कुणी डुगडुगत, कुणी दुसऱ्याचा पट्टा धरून.

"कुणीतरी सरांना खुर्ची द्या," शर्वरीबाई म्हणाल्या.

"नको मला खुर्ची. तू काय बोलणार आहेस ते आधी सांग."

"आधी बस. हे उभ्यानं ऐकू नकोस."

अंदूरकर बसले. सावरणीनं त्यांना अलगद, अगदी तरुण माणसासारखं बसवलं.

शर्वरीबाईंनी नभाचा हात पाठीवरून बाजूला केला, पाय आणखी थोडे फाकवले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मी, शर्वरी इराबत्ती, माझी चाल परत घेते."