साडेतीन बोटांची मूठ

यातला एक शब्दही मी रंगवून सांगत नाहीये. हे आजच घडलंय. माझ्या ऑफिसच्या गच्चीवर, भर उन्हात.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रावर किती थंडी आहे, याचा अंदाज संगणक काढतो. तो खरा आहे का, हे मी तपासते. त्यासाठी तिथल्या बर्फात तापमापकाचे खांब रोवलेत. प्रत्येक खांब दर तासाला एक आकडा पाठवतो. अंदाज आणि आकडा शेजारी ठेवायचे, फरक बघायचा.

ते खांब रोवायला माझा दादा जायचा.

"बर्फ गार आहे का हे बघायचा पगार घेते ही," असं तो आईला सांगायचा.

एकदा यंत्रात सापडून त्याची करंगळी अर्धी गेली होती; अंगठा सोडून उरली साडेतीन बोटं. खांब रोवला की हातमोजा काढून तो तापमापक त्या साडेतीन बोटांच्या मुठीत धरायचा. इकडे माझ्या पडद्यावर आकडा एकदम चढायचा. मग त्याचा फोन.

"काय गं चिमणे, मूठ दिसली का?"

"दिसली रे. आता पुसते."

तो आकडा हवेचा नव्हे, हाताचा. म्हणून पुसावा लागायचा. दर वेळी पुसायचा कंटाळा आला, तेव्हा मी नियमच लावला. अंदाजापेक्षा पंधरा अंशांहून जास्त फरक असेल, तर आकडा आपोआप टाकाऊ फाइलमध्ये. दादाला हे सांगितलं नव्हतं.

एवढी शहाणी मी!

तीन वर्षांपूर्वी, याच तारखेला, दादा चार नंबरच्या खांबाकडे गेला आणि हिमवादळात सापडला. वायरलेस बंद पडला. सोबतच्यांनी चार नंबरचा परिसर पिंजून काढला. मीही इथे डोळ्यांत तेल घालून बसले होते.

काहीच दिसलं नाही.

पाचव्या दिवशी शोध थांबला. सहाव्या दिवशी मी टाकाऊ फाइल उघडली...

खांब नंबर सात. चारच्या बरोबर उलट्या दिशेला.

लागोपाठ अकरा तास, अकरा आकडे. पहिला शून्याच्या वर चार. मग एक. मग उणे तीन... शेवटचा उणे चौदा.

त्या थंडीत, दर तासाला, तो हातमोजा काढत होता. चिमणी बघत असेल, या भरवशावर.

बाराव्या तासाला उणे एकतीस. तो आकडा मात्र नियमात बसला.

मी फाइल उघडेपर्यंत सात नंबरखालचा बर्फ फुटून गेला होता.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नियम काढला असता, तर का काढला ते सांगावं लागलं असतं. म्हणून तो अजून तसाच आहे. फक्त टाकाऊ फाइल मी रोज उघडते.

आज सकाळी दहाला तिच्यात एक आकडा आला. आमच्याच गच्चीवर चाचणीसाठी लावलेल्या तापमापकाचा.

उणे एकतीस.

बाहेर अंगाची लाही होत होती. म्हटलं, बिघडलं असेल.

अकराला... उणे चौदा.

बाराला... उणे बारा.

तेच आकडे होते. शेवटाकडून सुरुवातीकडे येणारे.

एकच्या ठोक्याला मी वर गेले. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. तापमापकाच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडलं. नळीवर बर्फ धरला होता. त्यात बोटांचे पट्टे.

तीन पूर्ण... आणि एक अर्धा.

मी फोनवर टाकाऊ फाइल उघडली आणि पेटीशेजारी बसले. अजून तिथेच बसून हे लिहितेय. आईचे दोन फोन येऊन गेले. उचलायचा धीर होत नाहीये.

आता सहाला दहा कमी आहेत. आठ आकडे झाले, चार उरलेत. शेवटचा नऊला. शून्याच्या वर चार. तो आला तेव्हा दादा धडधाकट होता.

त्यानंतर काय, मला माहीत नाही. एवढंच कळतंय की तो विचारणार, मूठ दिसली का.

मी दिसली म्हणेन.

आणि तो म्हणेल, कधी?