मावशीचं फूल

"बाईसाहेब… चौथा?" दुकानदाराने विचारलं, आणि मिठाची पिशवी खांद्यावर घेऊन निघालेला एक उंच माणूस दारातच थबकला.

दुकानभर माशांच्या टाक्यांचा निळा उजेड. त्यात सगळ्यांचेच चेहरे पाण्याखालून बघितल्यासारखे दिसत. तिच्या हातातल्या पिशवीत करंगळीएवढा पिवळा गोबी मासा गोल गोल फिरत होता.

"आधीचे तीन मेले?" त्या माणसाने विचारलं.

"मेले असते तर दिसले असते," ती म्हणाली. "नाहीसे होतात."

तो परत आत आला. मत्स्यालयातल्या मोठ्या टाक्यांमध्ये उतरून काचा घासणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला पाणबुड्या म्हणत.

"मी येऊन बघू?"

"अनोळखी माणसाला घरी नेऊ?"

"माणूस सरळ आहे," दुकानदार मध्येच बोलला. "फक्त माशांशी जरा जास्त बोलतो."

"चालेल," ती हसली. "मी पियानोंशी बोलते."

ती पियानो सुरात लावायची. मावशी गेल्यावर मावशीचं घर तिच्याकडे आलं, आणि घराबरोबर ती भिंतभर टाकी. प्रवाळ, खडक, वाळू… आणि दुपारच्या शांततेत खोलीत कुणीतरी बोटाने काच वाजवल्यासारखा तो आवाज. टक्.

"ऐकलंत?" घरी आल्यावर ती कुजबुजली.

"नाही…"

"डावा कोपरा. खडकाच्या खाली."

टाकीच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून त्याने नवीन माशाची पिशवी तशीच बांधलेली पाण्यावर तरंगत सोडली आणि वाकून बघितलं. वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी मावशीच्या वेळचा एक ठिपक्यांचा गोबी पहाऱ्याला बसला होता. त्याच्यामागे कोळंबी वाळू उपसत होती.

"ही नांगी वाजवते. चोर नाही ती, बिचारीला धड दिसतसुद्धा नाही. तिची मिशी बघा, सारखी त्याच्या अंगाला लागलेली. त्याने शेपटी हलवली की ती आत पळते."

"आणि तो नसला तर?"

"मग ती बाहेर येणार कशी?"

तिने नजर काचेवरच ठेवली. त्याचं प्रतिबिंब तिच्याकडे बघत होतं.

"तुम्ही मासा बघताय ना?" तिने विचारलं.

"मासाच…" तो गडबडला आणि वरची जाळी तपासू लागला. जाळीला कुठे फट नव्हती. उडी मारून मासे बाहेर पडले नव्हते. गाळणीच्या नळीलाही कापड बांधलेलं होतं. "मग गेले कुठे?"

बाहेर आभाळ भरून आलं होतं. खोलीत टाकीचाच काय तो उजेड.

"यांच्या जेवणाची वेळ झाली," ती म्हणाली. "मावशी नेहमी इथेच घालायची. फुलापाशी."

फूल म्हणजे एक ताटाएवढं प्रवाळ. सपाट, मऊ, माणसाच्या कातडीच्या रंगाचं. तिने त्याच्यावर चिमूटभर खाद्य सोडलं. ठिपक्यांचा गोबी बीळ सोडून सुळकन आला आणि फुलाच्या मधोमध टेकला.

"मावशी या फुलाला काय घालायची?" त्याने एकदम विचारलं.

"चिमट्याने मांसाचे तुकडे. मला ते जमत नाही… किळस येते."

"म्हणजे तेव्हापासून ते—"

तो बोलायचा थांबला. फुलाच्या कडा उचलत होत्या. अगदी सावकाश. घाई नाही, आवाज नाही. कुणीतरी न दिसणाऱ्या हाताने पिशवीची नाडी ओढावी तशा. मासा आत शांतपणे खात होता.

बिळातून आवाज येऊ लागला. टक्. टक् टक्. टक्.

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. "मीच… रोज मीच त्यांना तिथे बोलावत होते."

कडा जुळत आल्या. मध्ये जेमतेम बोटभर भोक उरलं, आणि त्या भोकात एक डोळा.

तो म्हणाला, "मनगट सोडा. लवकर!"

बाही वर न करताच त्याने हात पाण्यात घातला. मिटत आलेल्या कडा दोन बोटांनी अलगद फाकवल्या. ते फूल त्याच्या बोटांवरही मिटू लागलं. तिने मागचापुढचा विचार न करता आपलाही हात घातला आणि दुसरी कड धरली. थंडगार, बुळबुळीत… आणि जोर केवढा! मग काहीतरी तिच्या तळव्याला घासून गेलं. गोबी थेट बिळात.

आवाज थांबला.

दोघांचेही हात पाण्यात तसेच राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"मारू नका त्याला," ती हळूच म्हणाली. "भुकेलेलं होतं ते."

"मारणार कशाला? आमच्याकडे लहान मासे नसलेली एक टाकी आहे. तिथे ठेवतो. चिमट्याने भरवेन."

फूल ज्या खडकाला चिकटलं होतं, तो खडकच त्याने उचलून बादलीत ठेवला. तो कोपरा मोकळा झाल्यावर तिने नवीन माशाच्या पिशवीची गाठ सोडली. पिवळा गोबी एका फांदीदार प्रवाळावर जाऊन बसला, आणि ते प्रवाळ निमूटपणे जागच्या जागी राहिलं.

दारात बादली सांभाळत तो घुटमळला. झाकणाखाली पाणी आपोआप डुचमळत होतं.

"उद्या येऊ का? म्हणजे… मासे बघायला."

"मासे ठीक असतील."

"मग तुम्हाला या खोलीत एकटीला भीती वाटेल, म्हणून?"

तिने मागे वळून त्या निळ्या खोलीकडे पाहिलं. मग ओला हात ओढणीला पुसत त्याच्याकडे.

"भीती गेली," ती म्हणाली. "तरी ये."

त्याने बादली खाली ठेवली.