तिसऱ्या हौदातला सदरा

टाचणी दाताळ्याने ढीग वरखाली करत होती, तेवढ्यात धुक्यातून धाडकन आवाज आला. मागच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक उंच तरुण उभा होता. पायाशी बादली लवंडलेली, बटाट्याची सालं आणि अंड्यांची टरफलं पसरलेली, आणि चेहरा तर पांढराफटक.

"तुम्ही... जिवंत आहात ना?"

"सकाळपासून तरी आहे."

"नाही, म्हणजे — त्या वाफेतून एकदम वर आलात तुम्ही. आणि तो ढीग श्वास घेतोय."

"घेणारच. ओला कचरा कुजायला लागला की तापतो. हात घालून बघा, चटका बसेल." टाचणीला आता मजा वाटायला लागली होती. "तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेले एक्सरेवाले तुम्हीच का?"

"मीच. रोज हाडंच बघतो हो, पण ती अशी दाताळं घेऊन अंगावर येत नाहीत."

ती हसली. "भरा ते सगळं. पहिल्या हौदात टाकायचं, वर दोन मुठी पालापाचोळा. वर फळी लावायची, नाहीतर मांजरं येतात. आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही."

"तिसऱ्यात काय आहे?"

"मुरतंय," ती म्हणाली, आणि तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. दाताळं खांद्यावर टाकून ती धुक्यात निघून गेली.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तळमजल्यावर आत्याबरोबर ती शिवणाचं दुकान चालवायची. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून अख्खी इमारत तिला टाचणी म्हणायची. इमारतीमागे विटांचे तीन हौद बांधून घेतले तेही तिनेच. आधी लोकांनी नाकं मुरडली. मग कुंड्यांना काळंभोर खत मिळायला लागलं, तशी तीच नाकं बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली.

तिसऱ्या हौदात मात्र तिचं स्वतःचं काही होतं. वर्षापूर्वी तिचं लग्न ठरलं होतं, आणि नवऱ्यामुलाचा सदरा तिने आपल्या हाताने शिवला होता. शुभ्र, सुती, बारीक टाक्यांचा. तो घालायला तो मुलगा राहिला नाही. "जाळून टाक," आत्या म्हणाली होती. तिच्याने जाळवेना. तिने तो सुक्या पाल्यात निजवला, वर फळी ठेवली, फळीवर दगड. सुती कापड आहे, माती होईल. झाली की आपणही सुटलो, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

आणि हल्ली तो हौद गरम लागायला लागला होता.

जुना ढीग गार पडतो, हे खत करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. हा तापत होता. दगडाचं टोक ती भिंतीकडे करून ठेवायची, सकाळी ते जिन्याकडे वळलेलं असायचं. फळीला तळवा टेकला की ओलसर ऊब लागायची, आत्ताच कुणीतरी तिथून उठून गेल्यासारखी. एकदा तिने कान लावला. आत काहीतरी हळूहळू सरकत होतं... ती तशीच मागे सरली, आणि त्या दिवशी तिच्या हातून एकही टाका सरळ पडला नाही.

एक्सरेवाला मात्र दर दोन दिवसांनी दुकानात हजर. हातात पांढरा कोट, कोटाचं बटण तुटलेलं.

"हे तुम्ही मुद्दाम करता."

"पुरावा?"

"धागा तुटलेला नाही. कापलाय."

"अहो, तुमच्यापासून काही लपतच नाही. एक्सरे तुम्हीच काढायला हवेत."

आत्याचं मशीन अशा वेळी आपोआप हळू व्हायचं. कान देऊन ऐकायचं तर आवाज नको ना!

"माझ्या आत काय दिसेल हो?" टाचणीने एकदा सुई ओवता ओवता विचारलं.

"हाडं."

"आणि?"

"आणि काळजाजवळ एक सावली. कुणाची, ते मशीनला कळत नाही."

सुई बोटात घुसली. तिने बोट तोंडात धरलं आणि मान खाली घातली.

शेवटी एका संध्याकाळी आत्या भाजी आणायला गेलेली बघून त्याने सांगून टाकलं. "मला तुम्ही फार आवडता. बटणं संपत आली, म्हणून आता स्पष्टच बोलतो."

टाचणीने त्याला सगळं सांगितलं. सदरा, पाला, दगड. "तो हौद गार झाल्याशिवाय मी कुणाला हो म्हणायची नाही, असं ठरवलं होतं. आणि तो तापतोय हो... तुम्ही इथे राहायला आल्यापासून. त्या गेलेल्याला कळलंय. तो चिडलाय माझ्यावर."

तो हसला नाही. "उद्या पहाटे उघडू," म्हणाला. "दोघं मिळून."

पहाटे धुकं इतकं होतं की हौद दिसण्याआधीच पायांना लागले. टाचणीने दगडावर हात ठेवला.

"हा?" एक्सरेवाला जागीच थबकला. "हा तिसरा?"

"मग कितवा? पलीकडच्या नळापासून मोजा ना."

"मी... जिन्यापासून मोजले." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "मी रोज यातच टाकतो. ड्युटीला जाताना, अंधारात. वर पाला टाकतो, फळी लावतो, दगडसुद्धा ठेवतो."

"आणि बाकीचे सगळे पलीकडे टाकतात ते?"

"वाटलं, चुकतायत बिचारे. आपण नवीन, कशाला कुणाला शिकवा."

अख्खी इमारत चुकली आणि हा एकटा शहाणा! तिला हसावं की रडावं कळेना. फळी उचलल्यावर वाफेचा लोट आला. वरच अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा. तिने दाताळं खोल घातलं आणि उचललं.

सदरा वर आला.

कापड नव्हतंच. होती फक्त शिवण. कॉलरच्या कडा, खांद्यांची रेघ, बाह्या, कफ, आणि छातीवर ओळीने लोंबणारी बटणं. हवेत नुसत्या रेघांनी काढलेला माणूस. काळी माती झडत होती, वाफ आरपार जात होती, आणि ते खांदे हलके वर-खाली होत होते. एक्सरेवाला दोन पावलं मागे सरला.

ती सरली नाही. "पॉलिएस्टरचा धागा," ती म्हणाली. "जन्मभर टिकावा म्हणून मीच निवडला होता. तो कसला कुजतोय." मग थोड्या वेळाने, "आणि कापडही सुक्या पाल्यात कितीतरी वर्षं तसंच राहिलं असतं. तुझ्या सालांनी नेलं ते."

'तुझ्या' दोघांनाही ऐकू आलं.

दाताळ्यावर तो सदरा सावकाश वळला आणि तिच्याकडे तोंड करून थांबला. टाचणीने हात पुढे केला, वाकडी कॉलर सरळ केली. "जा आता," ती म्हणाली. धागे तिच्या बोटांत गोळा होऊन आले, आणि ती रडली. पोटभर रडली. तो पुढे होऊन तिचं दाताळं धरून उभा राहिला.

"माझं हो आहे," डोळे पुसत ती म्हणाली.

त्याला हसू आवरेना. तेवढ्यात दवाखान्याची वेळ आठवली. "मला निघायला हवं. संध्याकाळी येतो —"

तिचा चेहरा उतरला. "तोही असंच म्हणून गेला होता. संध्याकाळी अपघाताची बातमी आली."

एक्सरेवाल्याने दाताळं भिंतीला टेकवलं. "शपथ घेऊन सांगत नाही मी. रोज मोडलेली माणसं बघतो, खोटं कसं बोलू? पण मला यायचंय. फार यायचंय. एवढं खरं."

"मग जा," ती म्हणाली.

दिवसभर ती उजव्या बाहीच्या जागी डावी बाही जोडत राहिली. दिवे लागले, धुकं पुन्हा उतरलं, त्याची यायची वेळ टळली. आत्याने मशीन बंद केलं आणि तिच्याजवळ येऊन बसली.

फाटक करकरलं. धुक्यात एक पांढरी आकृती उमटली, उंच, बिनआवाजाची, पाय नसलेली. ती सरळ दुकानाकडे येत होती. टाचणी हातातल्या शिवणासकट उठून उभी राहिली.

मग ती आकृती पायरीला ठेचकाळली आणि "आई गं" म्हणाली.

भुतं ठेचकाळत नाहीत. हातातलं शिवण टाकून टाचणी धावली.