भिंतीला टेकून बसलेला

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ताई फेकाफेक करणाऱ्यांतली नाही. उभा जन्म आकडे टिपण्यात गेलाय तिचा.

रात्र नव्हती. भर दुपार होती. सव्वातीन वाजले होते.

ताई किरणोत्सर्ग मोजायचं काम करते. हवेतला, मातीतला, पाण्यातला. त्याचं मीटर कधीच गप्प नसतं. विटांत, आभाळात, आपल्या अंगातसुद्धा थोडा किरणोत्सर्ग असतोच. त्यामुळे ते सारखं टिक… टिक… करत राहतं. ऑफिसात त्याचं नावच पडलं होतं, बडबड्या.

त्या महिन्यात एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरला शेक द्यायचं यंत्र भंगारात गेलं. त्याच्या पोटातली धातूची कुपी गायब झाली. करंगळीच्या पेराएवढी. जवळ ठेवली तर माणूस आतून जळत जातो, आणि त्याला कळतही नाही.

ज्यानं यंत्र फोडलं तो भंगारवाला नवव्या दिवशी हॉस्पिटलात दगावला.

कुपी कुठे ठेवली, ते न सांगताच.

पाच दिवस ताईच्या तुकडीनं दुकान, गोदाम, गटारं, सगळं पालथं घातलं. त्याचं घर तर पहिल्याच दिवशी दारातून आणि मागच्या बोळातून मोजलं होतं. आकडे नेहमीचेच होते.

सहाव्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. सहा वर्षांच्या लेकीला सकाळपासून उलट्या होत होत्या.

किरणोत्सर्गाचं दुखणं उलट्यांपासूनच सुरू होतं.

ती तशीच निघाली. पाच दिवसांत डोळ्याला डोळा लागला नव्हता.

घर दोन खोल्यांचं. दारात मीटर टिकटिकत होतं. पुढच्या खोलीतही. मधला उंबरा ओलांडून ती आत गेली, समोरच्या भिंतीकडे दोन पावलं टाकली, आणि…

मीटर गप्प झालं.

तिनं ते हलवलं. सेल बदलले. काही नाही. बाहेर नेलं की टिकटिक सुरू. भिंतीजवळ आणलं की बंद.

पिशवीतलं दुसरं मीटर काढलं.

तेही… गप्प.

मीटर मुकं होतं ते दोनदाच. एक तर बिघडल्यावर. नाही तर किरणोत्सर्ग इतका वाढला की त्याला मोजताच येत नाही. पण तसं असतं तर जवळ येताना ते आधी किंचाळलं असतं.

तिनं मीटर भिंतीवरून हळूहळू फिरवलं. डावीकडे टिकटिक. उजवीकडे टिकटिक. मधे मात्र जमिनीपासून कमरेपर्यंत, हातभर रुंदीत… काहीच नाही.

पाठ टेकून बसलेल्या माणसाएवढी जागा.

बायको पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. ताईनं तिला विचारलं, इथे काय होतं?

"हे बसायचे तिथे," ती म्हणाली. "आजारी पडल्यापासून. हॉस्पिटलात नेईपर्यंत हलले नाहीत. पोरगी जवळ गेली की ओरडायचे, लांब हो म्हणून."



तिनं दोघींना बाहेर गाडीत बसायला पाठवलं. खरं तर तिनंही निघायला हवं होतं. पण अजून एक दिवस हातचा गेला तर पोरगी वाचणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अक्कल, शिक्षण, सगळं संपलं होतं. ती त्या रिकाम्या जागेसमोर उकिडवी बसली आणि हात जोडले.

"दादा, तुम्ही खूप सोसलंत. आता उठा. आम्ही काढतो ते."

काहीच झालं नाही.

मग भिंतीचा पोपडा खरवडल्यासारखा आवाज आला… खालून वर. पाठ घासत कुणी उठावं तसा.

आणि दोन्ही मीटर एकदम किंचाळली.

ताई धावत बाहेर आली. तासाभरात तुकडीनं लांब चिमट्यानं भिंतीतून कुपी काढून शिशाच्या भांड्यात टाकली. एक वीट सैल करून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. बरोब्बर त्या जागेमागे.

कागदोपत्री लिहिलं गेलं, तीव्र किरणोत्सर्गामुळे उपकरणं निकामी झाली. तसं असेल तर तिथे बसलेली ताई वाचायला नको होती. तिच्या रक्तात काहीच निघालं नाही. आणि मागच्या बोळातले नेहमीचे आकडेही त्यात बसत नाहीत.

पोरगी वाचली. खरं तर पंधरा दिवस ती त्या भिंतीपासून चार हातांवर झोपत होती. डॉक्टरांनी हिशोब दोनदा केला. लागला नाही.

हॉस्पिटलात जाताना ती ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ताईनं विचारलं, कधीपासून बरं वाटत नाहीये गं?

"सकाळी बाबा उठले ना," पोरगी म्हणाली. "पाणी प्यायला. तेव्हापासून."

ताईनं ते कागदावर लिहिलं नाही.

नंतर घर पाडलं, माती उचलून नेली. त्या मोकळ्या जागेची मोजणी दरवर्षी ताईच करते. दुसऱ्या कुणाला करू देत नाही. इंच न् इंच फिरते. मीटर सगळीकडे सारखंच टिकटिकतं, कुठेही थांबत नाही.

मी एकदा म्हटलं, मग चांगलंच आहे की.



"मी त्याला उठवलं," ती म्हणाली. "आता कुठे जाऊन बस, ते सांगितलंच नाही."